लगीनवाली तबकडी

आबांच्या सदऱ्याच्या खिशात रुमाल नसे, लांब चोचीची पितळी तेलकुपी असे. त्यांचे सगळे सदरे त्यामुळे डाव्या बाजूला पिवळे पडलेले. रस्त्यात कुणाची सायकल कुरकुरली की ते हाक मारून ती थांबवत, उकिडवे बसत, साखळीत दोन थेंब सोडत आणि म्हणत, "जाय आते." हे सायकलला. सायकलवरच्या माणसाकडे ते बघतही नसत.

साठ सालानंतरची ती वर्षं. धुळ्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मला लागली होती. वय तेवीस, माहेर साताऱ्याकडचं, खानदेश त्याआधी फक्त नकाशात पाहिलेला. आबांच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली. आबा एका जिनिंग फॅक्टरीत हेड फिटर होते. घरात ते, त्यांची बायको अक्का आणि पुढच्या खोलीत मी. चौथं कुणी नाही.

मी राहायला गेले त्याच आठवड्यात आबा माझी शाळा बघायला आले. फाटकाची कडी वाजली म्हणून तिला तेल दिलं, मग फाटकाच्या बिजागऱ्यांना, मग एकेक करत चौदा वर्गांच्या दारांना. हेडबाईंना वाटलं नगरपालिकेचा माणूस आहे. काम संपल्यावर त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "कोणत्या खात्याकडून आलात?" आबा म्हणाले, "खातं नही. मी त्या नव्या बाईंना घरवाला शे." शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आबा साठीला टेकलेले, मी अशी तेवीसची. घरवाला म्हणजे घराचा मालक, हे मी सगळ्यांना समजावून सांगेपर्यंत मधली सुट्टी संपली. आबांना त्यात काही चुकलं असं कधी वाटलं नाही.

त्यांचं एक ठरलेलं म्हणणं होतं. "मशीन कधी आजारी पडस का? तिले तेल लागस. तेल नही भेटनं का बठ्ठं कुरकुरस, मानूस बी." डॉक्टर, देव, सरकार, कुणाचाही विषय निघाला तरी आबा शेवटी तेलावर येत. मी हसायची. पण ते अक्कांबद्दल बोलतायत हे कळायला मला महिना लागला.

अक्का बोलत नसत. मुक्या नव्हत्या. स्वयंपाक, झाडलोट सगळं करत. विचारलं तर मान हलवत. शेजारच्या बाईनं मला ओट्यावर बसवून सांगितलं की यांना एकच मुलगी होती, नऊ वर्षांची. उन्हाळ्यात भडगावला मामाकडे गेली आणि गिरणा नदीच्या डोहात बुडाली. त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून अक्कांनी तोंड मिटलं. आबांनी त्यांना सगळीकडे नेऊन आणलं, अगदी एदलाबादला मुक्ताबाईच्या पायांवरही घातलं. काही झालं नाही. "मंग तो फोनो काढा त्यास्नी," शेजारीण म्हणाली आणि कपाळाला हात लावला. "आयकशात तुमी. रोज पाच वाजता."

तो फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, मी त्याआधीच ऐकला होता. जिनचा भोंगा झाला की आबा घरी येत. हात आधी रॉकेलनं, मग साबणानं धूत. कोनाड्यातून पेटी काढून ओसरीवर ठेवत, चावी देत, आणि आमच्या गल्लीत अशी काही वाद्यं सुरू होत की पहिल्या दिवशी मी हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर आले होते. व्हायोलिनसारखं काहीतरी, पण व्हायोलिन इतकं धावत नाही. बरोबर बासरी, आणि खाली कुणीतरी पाय आपटून धरलेला ठेका. उतारावरून पोरं हात धरून पळत सुटावीत तसं ते संगीत होतं. ऐकताना अंगठा आपोआप हलायचा. समोरचा किराणावाला तागडीत डाळ घालायचा तीही त्याच लयीत.

ह्या तबकड्या आयर्लंडच्या. स्वातंत्र्याच्या आधी जिनमध्ये इंजिन बसवायला एक साहेब आला होता, आबा त्याच्या हाताखाली शिकले. "इंग्रेज नही, ऐरिश," आबा दर वेळी बजावत. "त्याले इंग्रेज म्हनं का पाना फेकी मारे." साहेब देश सोडून गेला तेव्हा फोनोची पेटी आणि सहा तबकड्या आबांना देऊन गेला. कितीतरी वर्षं त्या माळ्यावर पडून होत्या. मुलगी गेल्यानंतर पाच-सहा वर्षांनी, सगळे उपाय हरल्यावर, आबांनी एक दिवस पेटी खाली काढली, तिच्यात तेल घातलं आणि हाताला लागली ती तबकडी लावली. अक्का उंबऱ्यावर गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मग उजवा पाय हलला, आणि त्या हसल्या.

"जाम व्हयेल मशीन सुटनी, बाई," आबा मला सांगत, आणि दर वेळी इथे पेटीच्या झाकणावरून हात फिरवत.

त्या तबकडीचं नाव त्यांनी 'लगीनवाली' ठेवलं होतं. बाकीच्यांनाही नावं होती, घोडावाली, चक्कीवाली अशी. इतर पाच निव्वळ वाजवण्याच्या. लगीनवालीत एक पुरुष गात असे, नाकात आणि भरधाव. एवढं खुशीचं गाणं लग्नाचंच असणार, असा आबांचा हिशेब. तबकड्या झिजू नयेत म्हणून ते लोखंडी सुई वापरत नसत. बाभळीचा काटा तासून लावत. दर रविवारी पांझरेकाठच्या बाभळींवरून काटे आणून ते आगपेटीत भरून ठेवत.

पाच वाजता सहा तबकड्या, लगीनवाली शेवटी. अक्का उंबऱ्यावर येऊन बसत आणि वाट बघत. तेवढी तीन मिनिटं त्यांचा चेहरा एखाद्या मुलीसारखा होई. मग काटा उचलला की चेहरा परत मिटे आणि त्या चुलीकडे जात. दिवसातली तीन मिनिटं. आबा त्यावर जगत होते.

पहिल्या वर्षी त्या गाण्यानं धुळ्यात धमाल केली. जिनच्या मारवाडी शेठजींच्या मुलीचं लग्न होतं. आबांनी बँडवाल्या उस्तादला घरी आणलं आणि लगीनवाली ऐकवली. उस्तादनं दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा क्लॅरिओनेट तोंडाला लावलं. "चीज तो अपनेही काम की है, बाबा," तो म्हणाला. वरातीत बँडनं ती वाजवली तेव्हा शेठजींच्या घरच्या, पदर नाकापर्यंत ओढलेल्या बायकासुद्धा हात वर करून नाचल्या. त्या मोसमात प्रत्येक वरातीला तीच फर्माईश. कुणी म्हणे, नव्या सिनेमातलं गाणं आहे. आबा वरातीत घुसून त्याला धरत, "सिनेमानं नही. ऐरिश शे!" त्या लग्नसराईत आबा इतके खुशीत होते की शेजाऱ्यांच्या पाळण्याला त्यांनी न सांगता तेल दिलं आणि पाळणा थांबवता थांबेना म्हणून त्या लोकांनी त्यांना शिव्या घातल्या.

मला तिथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एका रविवारी आबा माझ्या दाराशी आले. "बाई, तुमी इंग्रजी शिकाडतस. मंग लगीनवालीमा काय म्हनतस ते सांगा ना. माले तिले सांगनं शे. समजनं तर आखो हासी."

"त्यात काय, आबा! एका दुपारी लिहून देते," मी म्हटलं.

पहिल्या दुपारी मला एक शब्द कळला नाही. ते इंग्रजी आहे की दुसरीच कुठली भाषा, इथपासून शंका. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत हेडबाई सरकारी पत्रं माझ्याकडून वाचून घेत. ते मनाला लागलं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बसू. असे चार रविवार मी वही-पेन्सिल घेऊन ओसरीवर बसले. आबा चावी देत, काटे बदलत. एकेका दुपारी वीस-वीस वेळा लगीनवाली वाजली. अक्कांना वेगळंच सुख झालं. दिवसाला तीन मिनिटं मिळत ती आता तासभर मिळत होती. तिसऱ्या रविवारी त्यांनी स्वतःहून मला पाणी आणून दिलं, बरोबर गुळाचा खडा. चौथ्या रविवारी त्या सुपावर बोटांनी ठेका धरत होत्या आणि आबा त्यांच्याकडे चोरून बघत होते.

शब्द सापडत गेले. शिकाऱ्याला होतो तसा मला आनंद होत होता. नक्की काय सापडतंय याकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. लक्ष होतं. शेवटची ओळ लागली तेव्हा वहीवर सगळं मांडून झालं होतं, आणि आबांनी विचारलं, "व्हयनं का, बाई?"

मी सांगितलं. शाळेत कविता समजावते तसं सांगितलं. "हे लग्नाचं नाही, आबा. एक जत्रा आहे. तिथे एक बाई नाचतेय. लोक म्हणतात, तुझी मुलगी नदीनं नेली आणि तू नाचतेस? ती म्हणते, वाजवा, थांबू नका. वाजायचं थांबलं की मला नदी ऐकू येते."

आत सुपाचा आवाज चालू होता. तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

आबांनी तबकडीकडे पाहिलं. ती अजून फिरत होती. "साहेब हाई लावे आन् रडे," ते म्हणाले. "मी समजे, दारू शे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत जी आशा होती तशी मी नंतर कुठल्याही माणसाच्या डोळ्यांत पाहिली नाही. "बाई, तुमले बराबर ऐकू उनं ना? तबकडी जुनी शे. घासेल शे."

त्यांनी मला वाट करून दिली होती. ती वाट खरीही होती. 'नदी' हा शब्द मला दोनदा स्पष्ट ऐकू आला होता, 'मुलगी' एकदा. जत्रा होती, नाच होता. पंधरा-सोळा ओळींतल्या सहा-सात मला नीट लागल्या होत्या. बाकीचं मी जुळवलं होतं, परीक्षेत गाळलेल्या जागा भरतात तसं, आणि भरताना ह्या घरात जे मला माहीत होतं तेच माझ्या हातात आलं असेल. पण चार रविवार घालवून 'नीट कळलं नाही' म्हणणं मला जमलं नाही.

"बरोबर ऐकलंय, आबा," मी म्हटलं. "चार रविवार ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता पाच तबकड्या वाजल्या. अक्का उंबऱ्यावर बसून राहिल्या. आबांनी पेटी बंद केली, तरी त्या उठल्या नाहीत. असे सात-आठ दिवस गेले. मग एका संध्याकाळी आबा पेटीचं झाकण लावत असताना मला खोलीत एक अनोळखी आवाज ऐकू आला, बसलेला, खरखरीत.

"ती लावा ना. लगीनवाली."

मी दारात आले. अक्का बोलल्या होत्या. आबा झाकण हातात धरून तसेच उभे. बारा वर्षं त्यांनी ह्या आवाजासाठी काय काय केलं होतं. त्यांनी तबकडी काढली, पुसली, लावली. वाद्यं सुरू झाली, अक्कांचा पाय हलला. मग तो माणूस गाऊ लागला आणि आबांनी काटा उचलला.

"माले नही जमत व," ते म्हणाले. "नही जमत माले."

"लावा ना," अक्का म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा तिथेच उचलली. तिसऱ्यांदा अक्कांनी सांगितलं नाही. त्या उठून चुलीपाशी गेल्या.

मी त्यांची समजूत घालायला गेले. म्हटलं, आबा, त्यांना आवडतं ना, मग लावा. त्यांना शब्द ऐकू गेलेत, तरी त्या मागतायत. आबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "इतला वरीस ती पोरीना मरनाना गानावर हासनी, आन् मी चावी दिधी. आपला हातघाई दिधी. आते ती हासनी का माले ती पोर दिखस." ह्यावर देण्यासारखं उत्तर माझ्याजवळ एक होतं, पण ते मी त्या दिवशीही दिलं नाही.

मार्गशीर्षात लग्नं सुरू झाली. एका दुपारी, चारच्या सुमारास, आमच्या गल्लीतून वरात आली आणि बँडनं तेच गाणं धरलं. उस्तादला काय माहीत! माझी शाळा सकाळची असे, म्हणून मी घरी होते. आबांची रात्रपाळी झाली होती, ते ओसरीवर झोपलेले. मी खिडकीतून पाहते तो अक्का घरातून बाहेर पडल्या होत्या. डोक्यावर पदर नाही, हाताला पीठ. त्या बँडच्या मागे चालत होत्या. चालता चालता त्यांचे पाय ठेका घेऊ लागले. वऱ्हाडातल्या बायकांनी हसून त्यांना मध्ये घेतलं.

आबा जागे झाले ते त्या आवाजानं. अनवाणी धावले. त्यांनी अक्कांना धरलं नाही. ते थेट पुढे गेले आणि उस्तादच्या हातातलं क्लॅरिओनेट धरून खाली ओढलं. "बंद कर! बंद कर हाई!" बँड थांबला. नवऱ्या मुलाचे काका धावून आले, अपशकुन केला म्हणून आबांना ढकललं, ते गटाराच्या कडेला पडले. उस्तादनं मध्ये पडून लोकांना आवरलं. "बुजुर्ग है, भाई, छोड दो." पण काय झालं हे त्याला कळलं नाही. आबांनी फक्त हात जोडले.

सगळी गल्ली चिडीचूप होती. त्या शांततेत अक्का मध्यावर उभ्या होत्या. आधी त्यांनी आबांकडे पाहिलं. मग दोन्ही हात उचलून स्वतःच्या कानांवर घट्ट दाबून धरले, आणि तशाच, कान धरून, घरी आल्या.

त्यानंतर त्या उंबऱ्यावर बसल्या नाहीत. जेवण कमी झालं, मग ताप धरला. डॉक्टर आले, औषधं झाली. मी रात्रंदिवस नाही म्हटलं तरी बरंच केलं. कुणी करतं त्यापेक्षा जास्तच केलं असेन, कारण मला करायलाच हवं होतं. एकदा आबांनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "लावू का? बठ्ठी लावस. पुरी लावस." अक्कांनी मान हलवली. नाही. संक्रांतीच्या आधी त्या गेल्या.

जून उजाडायच्या आत मी जळगावच्या शाळेत जागा मिळवली. निघाले त्या दिवशी आबांनी माझी ट्रंक डोक्यावर घेतली, मला घेऊ देईनात. बसच्या टपावर ती चढवून झाल्यावर ते खिडकीशी आले. "बाई, मनमा काही ठेवू नका. तुमना दोष नही. इचारं मी." कंडक्टरनं घंटी मारली. तेव्हाही, त्या घंटीच्या आधी, बोलायला पुरेसा वेळ होता.

पुढे माझं लग्न झालं, जळगावातच संसार मांडला. सात-आठ वर्षांनी शिंदखेड्याला परीक्षेच्या कामाला गेले होते, परतताना नरडाणा स्टेशनवर गाडीची वाट बघत होते. भर दुपार. फलाटावरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यातला. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं.

"बाई! तुमीच ना?"

घर विकून ते पुतण्याकडे नरडाण्याला राहत होते. रोज दुपारी स्टेशनवर येऊन बसत. सावली असते, माणसं दिसतात. मी त्यांच्या शेजारी बसले. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य घाईघाईनं बोलून टाकलं. "आबा, त्या गाण्याचे शब्द मला नीट ऐकू आले नव्हते. अर्धे मी जुळवले होते."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसले. "जोरमा बोला. कान गयात मना. जिननी खाई टाकात."

मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. पलीकडे पाटीवाल्या बायका बसल्या होत्या, त्या वळून बघायला लागल्या. तिसऱ्यांदा तर मी जवळजवळ ओरडले. "मला माहीत नव्हतं, आबा! त्या गाण्यात काय होतं ते मला माहीत नव्हतं!"

आबांनी समजुतीनं मान डोलावली. "हां, हां. लेट शे. ह्या गाडीले लेटच येनं शे. बसा निवांत."

ती गाडी यायला अजून पाऊण तास होता. आम्ही शेजारी शेजारी बसून राहिलो. मध्ये त्यांनी मला किती मुलं म्हणून विचारलं, मी दोन बोटं दाखवली, त्यांना फार आनंद झाला. माझ्या पर्समध्ये पेन होतं. परीक्षेचे कोरे कागद होते. आबांना मराठी वाचता येत असे. धुळ्याला असताना माझ्याकडचं वर्तमानपत्र ते रोज नेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचत.

मी पर्स उघडली नाही.